दोन शेळ्या की चार? आठवीनंतर मुलांची शाळा सुटू नये म्हणून हिशेब हवा आहे

मुठाकाठ (पुणे):
नमस्कार मंडळी. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीने आणि काही ऑफिसमित्रांनी मिळून ३ लाख रुपये जमवले आहेत. शिक्षकांच्या मदतीने २० घरं निवडली आहेत: ८ पुरंदर तालुक्यात, १२ वेल्ह्यात (आताचा राजगड तालुका), पानशेतच्या वरच्या अंगाला. सगळी भूमिहीन, नाहीतर एखाद-दीड एकर कोरडवाहू. प्रत्येक घरात सातवी ते दहावीतलं निदान एक मूल आहे. गावातली शाळा संपली की हायस्कूल लांब, खर्च वाढतो आणि मूल घरी बसतं, असं चित्र आहे.

बेत असा आहे की उस्मानाबादी शेळ्या बाजारातून एकगठ्ठा घ्यायच्या आणि १५ ऑगस्टला वाटपाचा छोटा कार्यक्रम करायचा. आमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो सगळ्यांना दोन-दोन द्या. दुसरा म्हणतो १० घरांनाच चार-चार द्या, म्हणजे उत्पन्न डोळ्यांना दिसेल. पहिली पाट (मादी करडू) पुढच्या घराला द्यायची अट घालणार आहोत.

नेमके प्रश्न: किती शेळ्या? कुठून आणि कधी घ्यायच्या? शाळेच्या खर्चाला त्यातून खरंच किती हातात येतं? कृपया आकड्यांत सांगा.

लेंडीखत:
आकड्याच्या आधी एक गोष्ट त्या घरांत जाऊन विचारा. शेळ्यांमागे कोण जाणार?

चार शेळ्या आणि त्यांची करडं धरली तर वर्षभरात आठ-नऊ तोंडं होतात. एवढ्यांना बांधून खायला घालणं भूमिहीन घराला झेपत नाही, म्हणून त्या मोकळ्या चरायला जातात, आणि मोकळ्या शेळ्यांमागे दिवसभर माणूस लागतो. आई खुरपणीला, बाप गवंड्याच्या हाताखाली. मग बहुतेक घरांत सातवी-आठवीतली पोरगीच उरते. म्हणजे जिच्यासाठी शेळ्या दिल्या तीच काठी घेऊन माळावर. चार-चारचा बेत मला म्हणूनच घातक वाटतो. उत्पन्न दिसेलही, पण हजेरीपटावर लाल शाईही दिसेल.

दोन शेळ्या अर्धबंदिस्त पद्धतीने आई सांभाळू शकते. सकाळी कामावर जायच्या आधी पाऊण तास, संध्याकाळी दीड तास. साधारण ३० किलोच्या एका शेळीला दिवसाला ३ ते ४ किलो पाला-हिरवा चारा आणि पाऊण ते १ किलो कोरडा चारा लागतो. कोरड्यात कडब्याच्या कुट्टीपेक्षा तूर किंवा हरभऱ्याचं भुसकट चांगलं, शेळ्या आवडीने खातात आणि त्यात प्रथिनंही जास्त. गाभण काळाचा शेवटचा दीड महिना आणि व्याल्यावरचा पहिला दीड महिना रोज २०० ग्रॅम खुराक द्या. ९० दिवसांचे एका शेळीला १८ किलो झाले. घरी बनवायचा तर १० किलोला मका भरडा ५ किलो, तूरचुनी अडीच किलो, शेंगदाणा पेंड २ किलो २०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. तयार गोळी पेंड घ्यायला हरकत नाही, पण ती उधारीवर येते आणि करडू विकलं की दुकानदार आधी दारात उभा राहतो.

पाल्यासाठी पहिल्याच पावसात बांधावर, नाहीतर घरामागे दोन-दोन फुटांवर शेवरी, सुबाभूळ, हादगा मिळून १०० ते १५० झाडं लावून घ्या. सुबाभळीचं बी उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, नाहीतर निम्मं उगवतच नाही. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नका. त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, जास्त झालं की केस गळतात आणि शेळी खंगते.

शाळा बुडण्याचे दिवस ठरलेले असतात. भातपट्ट्यात जुलैची लावणी, कोरडवाहूत सुगी, आणि सगळीकडे आठवडे बाजाराचा वार. आई घराबाहेर म्हणजे शेळ्या पोरीकडे. यावर दोन तोडगे चालतात. एक, त्या २० दिवसांसाठी ८० किलो भुसकट आधीच भरून ठेवणं (दोन शेळ्या, रोज प्रत्येकी २ किलो). हिरवा चारा त्या दिवसांत मिळेल तेवढा. दुसरा, चार-पाच घरांनी पाळी लावणं: एक मोठं माणूस सगळ्यांच्या मिळून ८-१० शेळ्या नेईल, पुढच्या दिवशी दुसरं घर. पाळीत मूल पाठवायचं नाही हे गटाच्या बैठकीत तोंडावर बोलून घ्या.

आता पैसा कधी येतो ते. शेळीची गाभण १५० दिवसांची. पहिल्या पावसाचा कोवळा पाला खाल्ला की जून-जुलैत बऱ्याच शेळ्या माजावर येतात, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात वितात. ही करडं कोरड्या हवेत वाढतात, मर कमी. शाळा उघडते १५ जूनच्या आसपास, तेव्हा ती सहा-सात महिन्यांची, १२ ते १५ किलोची असतात. वह्या, गणवेश आणि बोकड एकाच महिन्यात येतात, एवढी सोय निसर्गाने करून ठेवली आहे. ती मोडते कशी, तर मे महिन्यात लग्नसराईला व्यापारी दारात येतो आणि १० किलोचं करडू पडेल भावाने उचलतो.

हिशेब कंजूषपणे मांडा. कागदावर दोन वर्षांत तीन वेतं आणि दर वेताला जुळी. प्रत्यक्षात वर्षाला सव्वा वेत आणि दर वेताला दीड करडू धरा, त्यातली पाचवा हिस्सा मर सोडा. दोन शेळ्यांची हातात राहणारी करडं वर्षाला तीन. एक पाट परतफेडीला किंवा घरच्या कळपात ठेवली तर विकायला दोन. १४ किलोची दोन, जिवंत वजनाला ४०० रुपये किलो धरला (भाव तुमच्या बाजारात पाहा) तर ११,२०० रुपये. त्यातून खुराक, लस, विमा, बोकडाची भरवणी (शेळी फळवण्याचे पैसे) असे ३,००० वजा केले की ८,००० च्या आसपास. एका मुलाच्या नववी-दहावीला हे पुरतं. अकरावीच्या होस्टेलला पुरत नाही, तसं स्वप्न दाखवू नका.

औंधचा डोस:
लेंडीखत यांनी व्यवस्थापन सांगितलंच आहे, मी आजार आणि खरेदीवर लिहितो, कारण अशा प्रकल्पांची माती पहिल्या २१ दिवसांत होते.

१५ ऑगस्ट रद्द करा. ऐन पावसात, वेगवेगळ्या गावांहून बाजारात आलेल्या शेळ्या एका टेम्पोत कोंबून, दिवसभर मांडवाशेजारी बांधून, हार घालून फोटो काढून वाटायच्या म्हणजे पीपीआरला (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा विषाणूजन्य आजार) आमंत्रण. प्रवासाच्या ताणाने प्रतिकारशक्ती पडते, एकीला असलेला संसर्ग सगळ्यांत जातो. मग आठ-दहा दिवसांनी ताप, नाकाडोळ्यांतून घाण, तोंडात चट्टे, हगवण. त्यात गावातल्या आधीच्या शेळ्याही जातात आणि तुमचं नाव गावात कायमचं खराब होतं.

दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात वाटा. हवा कोरडी, खरिपाचं भुसकट हाताशी. शक्यतो बाजारातून नको, पाळणाऱ्याच्या दारातून, दोन-तीन कळपांतून घ्या. बाजारच करायचा तर चाकण, यवतचे मोठे आहेत, पण तिथली शेळी सरळ घरी न्यायची नाही. २१ दिवस वेगळी ठेवा. पीपीआरची लस शेळी हलवायच्या आधी किमान १५ दिवस झालेली असावी.

निवडताना: पहिलं वेत झालेली, दोनदाती ते चारदाती (पुढचे दोन ते चार पक्के दात आलेली, म्हणजे तरुण). पूर्ण जुळलेली (सगळे दात आलेली, वयस्क) शेळी स्वस्त मिळते, पण तिची दोन-तीन वेतंच उरलेली असतात. कास दाबून पाहा, मऊ हवी. एका बाजूला घट्ट गाठ लागली तर आधी दगडी (कासेची सूज) होऊन गेलेली आहे, त्या सडाला दूध नाही आणि जुळ्यातलं एक करडू उपाशी. खालची पापणी उलटा. लालसर गुलाबी चांगली, पांढुरकी म्हणजे पोटात रक्तपित्या जंत. जबड्याखाली पाण्यासारखी लोंबती सूज दिसली तर कितीही कमी किमतीत मिळाली तरी नको.

वजन नजरेने धरू नका, व्यापाऱ्याची नजर तुमच्यापेक्षा तयार असते. ५० किलोचा लटकता काटा न्या. नसेल तर शिंप्याची टेप: पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून बसण्याच्या हाडापर्यंतची लांबी इंचात, भागिले ६६०. घेर २७, लांबी २६ असेल तर ७२९ गुणिले २६ म्हणजे १८,९५४, भागिले ६६०, साधारण पावणेएकोणतीस किलो. एक-दोन किलो इकडे-तिकडे होतं, पण ठकले जात नाही.

लसी: पीपीआर तीन महिन्यांपुढच्या करडांना, एकदा दिली की साधारण तीन वर्षं पुरते. आंत्रविषाराची (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा आजार) मे महिन्यात, पावसाच्या आधी, आणि १५ दिवसांनी पुन्हा. हा दुसरा डोस सगळे विसरतात. पावसाच्या कोवळ्या गवतावर अधाशासारखं खाणारं, कळपातलं सगळ्यात गुटगुटीत करडूच सकाळी मेलेलं सापडतं, आणि लोक म्हणतात नजर लागली. घटसर्प, लाळ्या-खुरकूत दवाखान्याच्या मोहिमेत मिळतात.

जंतांचं औषध पावसाआधी आणि पावसानंतर. अल्बेंडाझोलचं अडीच टक्क्यांचं द्रावण असेल तर ३० किलोच्या शेळीला ९ मिली. नुकत्याच भरवलेल्या, पहिल्या महिन्यातल्या गाभण शेळीला देऊ नका. पाजताना मान आभाळाकडे करू नका. तोंड आडवं ठेवून जबड्याच्या कोपऱ्यातून हळू सोडा. वर केलेल्या मानेत औषध फुप्फुसात उतरतं, आणि तीन दिवसांनी शेळी न्यूमोनियाने मेली की दोष औषधाला जातो. दर वर्षी तेच औषध वापरल्याने ते चालेनासं होतं, म्हणून डॉक्टरांना विचारून बदला. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक घराच्या दारावर खडूने लिहून ठेवा. उमेद या सरकारी बचत गट अभियानातली पशुसखी (जनावरांच्या प्राथमिक उपचाराचं प्रशिक्षण घेतलेली गावातली बाई) गावात असेल तर तिला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

करडू जन्मलं की नाळेला टिंक्चर आयोडीन आणि अर्ध्या-एक तासात चीक. २ किलोच्या करडाला दिवसभरात २०० मिली, तीन-चार वेळा विभागून. वार पडायची वाट पाहत चीक काढायचा नाही ही समजूत अजून आहे. तीच करडांना मारते.

हजेरीपट:
शिक्षकाच्या बाजूने थोडं. शिक्षण हक्क कायदा, २००९ मोफत शिक्षण ६ ते १४ वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच देतो. म्हणून गळती तिथेच दिसते, आणि तुमची निवड बरोबर आहे. पण मुलगा आणि मुलगी यांचा खर्च वेगळा मांडा. मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत आहे. मुलाला भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. म्हणजे मुलीला गळती लागते ती पैशापेक्षा कामामुळे: घरकाम, धाकटी भावंडं आणि आता तुमच्या शेळ्या. मुलाच्या बाबतीत रोजगाराची ओढ जास्त. दोघांना एकच औषध चालणार नाही.

महिन्याच्या हजेरीची नोंद मागवा, वर्षाच्या टक्केवारीची नको. वर्षाच्या टक्क्यांत जुलैचे १४ दिवस लपून जातात. शाळेतले बालरक्षक (गळती रोखण्याचं काम पाहणारे) शिक्षक ही नोंद आनंदाने देतील.

आणि कृपया "हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली तर शेळी परत" अशी अट घालू नका. ज्या घरात आजारपण आलं त्याच घरातून शेळी जाते, आणि मूल मात्र परत येत नाही.

वही-खतावणी:
हजेरीपटांच्या शेवटच्या मुद्द्याशी अर्धा सहमत. शेळी परत घेऊ नका, पण काहीच अट नसेल तर तेही टिकत नाही. मधला मार्ग: पुढच्या वर्षीचा विम्याचा हप्ता आणि लसीकरण फंडातून हवं असेल तर हजेरीची नोंद दाखवायची. घराचं जे आहे त्याला हात लावायचा नाही, नव्या मदतीला अट.

आता "पहिली पाट पुढच्या घराला" याबद्दल. ही पद्धत हायफर इंटरनॅशनल ही अमेरिकी संस्था १९४४ पासून वापरते, आणि आपल्याकडे वाट्याने शेळी पाळायला द्यायची रीत त्याहून जुनी आहे, त्यामुळे लोकांना ती समजावून सांगावी लागत नाही. पण नुसतं "पहिली पाट" लिहिलंत तर सगळ्यात मरतुकडी पाट परत येते, किंवा "बोकडच झाले हो" असं उत्तर मिळतं. असं लिहा: शेळी मिळाल्यापासून २४ महिन्यांच्या आत एक पाट, वय किमान ६ महिने, वजन काट्यावर किमान १२ किलो, पीपीआर आणि आंत्रविषाराची लस झालेली. शेळी मेली आणि शवविच्छेदनाचा दाखला असेल तर परतफेड माफ. दाखला नसेल तर गट ठरवेल. कागदावर सही आईची, साक्षीदार गटातल्या दोन बाया.

विक्रीचा पैसा आईच्या बचत खात्यात. व्यापाऱ्याला एकट्या घराने गाठू देऊ नका. पुरंदरच्या आठही घरांची करडं एकाच दिवशी, एकाच काट्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात विका. आठ घरांची १५-१६ करडं एकत्र दिसली की व्यापारी स्वतः गाडी घेऊन येतो. शेळी म्हणजे गरिबाचं एटीएम असं सगळे कौतुकाने म्हणतात. अडचण नेमकी तीच आहे, एटीएममधून कुणीही, कधीही काढतं.

बकरी ईदचा मोह आवरता आला तर बघा. कुर्बानीला बोकड वर्ष पूर्ण झालेला, शिंग न मोडलेला, धडधाकट लागतो, भाव चांगला मिळतो. पण ईद दर वर्षी १०-११ दिवस मागे सरकते. २०२५ ला ती ७ जूनला होती, म्हणजे शाळेच्या तोंडावर. पुढच्या काही वर्षांत ती मे, मग एप्रिलकडे जाईल, आणि पैसा दोन महिने घरात पडून राहिला तर जूनपर्यंत उरत नाही. शिवाय नोव्हेंबरात जन्मलेला बोकड त्यासाठी दीड वर्ष सांभाळावा लागतो. प्रत्येक घराने एखादाच त्या वाटेवर ठेवावा.

मुठाकाठ:
फार मोलाची माहिती. चार-चारचा तट आज संध्याकाळीच गार करतो. तीन शंका उरल्या. सरकारच्या १० शेळ्या आणि १ बोकड योजनेत ही घरं बसवता येतील का? वेल्ह्याच्या १२ घरांनाही हेच लागू आहे का? आणि नोव्हेंबरात वाटल्या तर पुढच्या जूनला पैसा कुठून?

लेंडीखत:
१० अधिक १ योजनेत उस्मानाबादी-संगमनेरी गटाची किंमत विम्यासह १,०३,५४५ रुपये धरली होती. सर्वसाधारण गटाला निम्मं अनुदान, अनुसूचित जाती-जमातींना पाऊण. म्हणजे सवलतीतल्या घरालाही पंचवीस हजारांवर स्वतःचा वाटा उभा करायचा. तो सावकाराकडून येतो. आणि १० शेळ्या म्हणजे पूर्णवेळ गुराखी. या घरांसाठी नाही. मात्र दोन शेळ्यांवरून कुणी पाच वर्षांत तिथवर पोचलं तर अर्ज जरूर करावा.

बोकडाचं विसरू नका. दोन शेळ्यांच्या घराने बोकड पाळायचा नाही. आठ घरांत मिळून एक, सांभाळणाऱ्याला भरवणीचे पैसे, आणि दोन वर्षांनी बदलायचाच, नाहीतर तो स्वतःच्या लेकींना लागतो. माज १९-२१ दिवसांनी येतो आणि दीड दिवसात जातो. शेपूट हलवणं, सारखं ओरडणं दिसलं की बारा तासांनी न्या, आणि पुन्हा दुसऱ्या वेळी. नर करडं चार-पाच महिन्यांची झाली की बहिणींवर चढतात. विकायची असतील ती अडीच-तीन महिन्यांचीच डॉक्टरांकडून चिमट्याने खच्ची करून घ्या.

वेल्ह्याला मात्र माझं उत्तर स्पष्ट "नाही" आहे.

औंधचा डोस:
दुजोरा. उस्मानाबादी काय, संगमनेरी काय, कोरड्या माळाच्या जाती. पुरंदरला उत्तम. पानशेतच्या वर चार महिने अंग वाळत नाही. खुर सडतात, जंतांचा भार दुप्पट, करडं न्यूमोनियाने जातात. तिथे शेळी द्यायचीच तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडची कोकण कन्याळ जात पावसाला टिकते, आणि गोठा जमिनीवर चालत नाही, मचाण लागतं: जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच, बांबूच्या कामट्यांची जमीन, दोन कामट्यांत एक ते दीड सेंटिमीटर फट. फट बोटभर जास्त झाली की करडाचा पाय आत जातो आणि गुडघ्यातून मोडतो. कमी झाली की लेंड्या अडकून ओल साचते. या पैशात बारा घरांना ते बसत नाही. कोंबड्या द्या.

खुडूक:
कोंबड्यांवर मी लिहिते. वेल्ह्याच्या घराला दोन गोष्टी आधीच आहेत: अंगण आणि उकिरडा. त्यातच त्या अर्धं पोट भरतात. पण आकडे नीट धरा.

एका घराला १२ पक्षी, पाच-सहा आठवड्यांचे. एक दिवसाची पिल्लं नकोत. त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, त्या वाड्यांवर पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि गारठ्यात पिल्लं एकमेकांवर चढून खालची गुदमरून मरतात. मोठी पिल्लं महाग पडली तरी स्वस्तच. जात ग्रामप्रिया किंवा कावेरी. पुण्यात खडकीला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे चौकशी करा. मागणी दोन-तीन महिने आधी नोंदवा.

नर-मादी वेगळी न केलेली १२ पिल्लं म्हणजे ६ कोंबडे. दोन पक्षी मुंगूस किंवा घार नेणार असं धरून ५ कोंबड्या, ५ कोंबडे. ग्रामप्रियेची वर्षाला १६०-१८० अंडी लिहिलेली असतात, परसात दाणा कमी पडतो म्हणून ११० धरा. ५५० अंड्यांतली निम्मी घरच्या मुलांनी खावीत, उरलेली २७५ गावरान म्हणून १० रुपयांनी गेली तर २,७५०. चार कोंबडे ४५० ने १,८००. वर्षाला साडेचार हजार. मुलाचा एसटी पास आणि वह्या निघतात, त्याहून जास्त नाही. पण पैसा आठवड्याला थोडा-थोडा आणि बाईच्या हातात येतो. आणि कोंबड्यांमागे कुणी शाळा बुडवत नाही.

खुराडं ४ फूट बाय ३ फूट, जमिनीपासून २ फूट उंच. पैसे वाचवायला लोक षटकोनी पातळ जाळी लावतात. मुंगूस ती दातांनी उचकटतं आणि एका रात्रीत सगळ्यांच्या माना तोडून जातं, खातं एकच. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळीच घ्या, दाराला कडी बाहेरून आणि लाकडी खुंटी आडवी.

मानमोडी (राणीखेत, कोंबड्यांचा साथीचा रोग) हा खरा शत्रू. लासोटा आणि गंबोरो या लसी झालेली पिल्लं घ्या, विकणाऱ्याकडून तारखांची चिठ्ठी मागा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी या मानमोडीच्या लसीची सुई. त्याची कुपी १००-२०० डोसांची, विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून बारा घरांचं मिळून एकाच संध्याकाळी करा, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर. कुपी बर्फाच्या थर्मासमध्ये न्या. खिशात नेलेली लस पाणी झालेली असते. गावातल्या जुन्या कोंबड्यांनाही त्याच दिवशी टोचा.

शेवटची अडचण: ग्रामप्रिया खुडूक बसत नाही (अंडी उबवत नाही). म्हणून वर्षाने कळप संपतो आणि प्रकल्पही. प्रत्येक घरात एक-दोन देशी कोंबड्या ठेवा. देशी कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली १०-१२ अंडी, २१ दिवस. सातव्या रात्री अंडं टॉर्चसमोर धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं नाही ते काढून टाका. उन्हाळ्यात बसवलेली अंडी बऱ्याचदा वाया जातात, ऑक्टोबर ते फेब्रुवारी चांगला.

वही-खतावणी:
मग ३ लाखांत २० ही घरं बसतात, मांडून दाखवतो. पुरंदरचं एक घर: दोन शेळ्या ९,००० ने १८,०००, गोठ्याची डागडुजी २,५००, विमा व लसी २,०००, खुराक व भुसकट १,५००, आणि पहिल्या जूनसाठी (पहिल्या वर्षी शाळा उघडतानाचा खर्च) रोख २,०००. एकूण २६,०००, आठ घरांचे २,०८,०००. एक बोकड १०,०००. वेल्ह्याचं एक घर: १२ पक्षी १,२००, खुराडं २,३००, सुरुवातीचा दाणा ८००, पहिला जून २,०००. एकूण ६,३००, बारा घरांचे ७५,६००. सगळं मिळून २,९३,६००. उरलेले ६,४०० गाडीभाड्याला, आणि ते पुरणार नाहीत.

मुठाकाठ यांच्या तिसऱ्या शंकेचं उत्तरही यातच आहे. पहिला जून फंडातून द्यावा लागतो. दोन-तीन महिन्यांची गाभण शेळी डिसेंबरात दिली तर फेब्रुवारी-मार्चला वेते, जूनला करडू जेमतेम तीन-चार महिन्यांचं. ते त्या वेळी विकलं तर चार हजार येतात आणि पाच महिन्यांनी येणारे सहा जातात. तो दबाव काढायलाच ते २,००० आहेत. शेळी पुन्हा जून-जुलैत भरली की पुढचा जून आपोआप जुळतो.

माळशिरा:
विम्याबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून. कानातला बिल्ला असलेला शेळीचा फोटो पहिल्याच दिवशी मालकिणीसह काढून ठेवा. बिल्ला पडला तर लगेच कळवून नवा मारून घ्या. शेळी मेली की पुरायच्या आधी डॉक्टरांचं शवविच्छेदन, आणि बिल्ला कानासकट जपून ठेवा. बहुतेक पॉलिसींत पहिले १५ ते २१ दिवस आजाराने झालेल्या मृत्यूचा दावा मिळत नाही, म्हणजे वाटपानंतरच्या त्याच धोक्याच्या दिवसांचा. म्हणून विमा वेगळ्या ठेवलेल्या २१ दिवसांच्या सुरुवातीलाच उतरवा, वाटपाच्या दिवशी नको.

बिबट्याने किंवा लांडग्याने नेली तर वनखात्याला ४८ तासांच्या आत कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागचं हलवू नका. ओढून बांधाकडेला टाकलं की भरपाई गेली. रात्री शेळ्या चारही बाजूंनी आणि वरूनही बंद जागेत. फक्त कुंपण बिबट्याला पुरत नाही, तो वरून उतरतो.

मुठाकाठ:
१५ ऑगस्ट रद्द, दिवाळीनंतरची तारीख धरली. पुरंदरच्या घरांना या पावसात शेवरी आणि सुबाभळीचं बी देतोय, शेळ्या यायच्या आधी पाला उभा राहील. एक शेवटचं विचारतो: आठांपैकी दोन घरांत आई नाही, आजी आहे. तिथे सही कुणाची?

वही-खतावणी:
आजीची, आणि खातं आजीच्या नावाने. पण त्या दोन घरांना एकच शेळी आणि सहा कोंबड्या द्या. दोन शेळ्यांचा ६-८ किलो पाला रोज डोक्यावरून आणणं आजीला जमणार नाही, आणि मग तो कोण आणेल ते पहिल्याच उत्तरात लिहिलंय.